काचेवरचे आपण

भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडून दहा-बारा मिनिटे चालले की राणीची बाग येते. वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय हे तिचे आजचे नाव पाटीवर असते. लालबाग-परळच्या माणसांच्या तोंडी मात्र राणी गेली तरी तिची बाग राहिली आहे. १८६२मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली. नावात वनस्पती आधी आणि प्राणी नंतर आहेत, आणि माझ्या मते तो क्रम योग्यच आहे. गोरखचिंचेचे फुगीर बुंधे आणि खोडालाच लगडलेली कैलासपतीची फुले पाहत चालू लागले की रस्त्यावरची मुंबई पन्नास पावलांत मागे पडते. रक्तदाबाच्या रुग्णांना ‘कुठेतरी झाडांखाली चालत जा’ असे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे हीच बाग असते.

प्रवेशद्वारापाशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२मध्ये खुले झाले. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. महारोगावर औषध शोधण्याचा ध्यास घेतलेल्या या माणसाला शिलालेख वाचण्याचाही तितकाच नाद होता. आम्हा डॉक्टरांना व्यवसायाबाहेरचे छंद शोभत नाहीत असे म्हणणाऱ्यांना मी त्यांचेच उदाहरण देते. संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे आणि १९६५मध्ये फोर्टातून हलवलेला, पाठीवर राजा असलेला काळा घोडाही याच बागेत आला. म्हणजे जिवंत प्राण्यांच्या आधी येथे दगडाचे आणि धातूचे प्राणी भेटतात. मुले त्यांच्यापुढे फार वेळ थांबत नाहीत. त्यांना पेंग्विन बघायचे असतात.

सत्तरच्या दशकात, माझ्या लहानपणी, येथे जिकडेतिकडे गज होते. गजांमधून वास येई, गुरगुर ऐकू येई, आणि कुणी नको म्हटले तरी शेंगदाणे आत जात. प्राणी कोंडलेला आहे हे कुणालाही समजावून सांगावे लागत नसे. पुढे जगभरच गज मागे पडले. हॅम्बर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७मध्ये गजांऐवजी खंदक खोदून प्राणिसंग्रहालय उभारले आणि ती पद्धत सर्वत्र पसरली. काच त्याआधीच माशांसाठी आली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले मत्स्यालय १८५३चे. आता वाघासिंहांनाही काच आली आहे. राणीच्या बागेत पेंग्विन काचेमागे आहेत आणि वाघाच्या आवारालाही काचेचे दालन आहे. काच गजांसारखी नजरेत भरत नाही. मध्ये काहीच नाही असा भास ती निर्माण करते, आणि तो भास छायाचित्र काढायला गेले की लगेच मोडतो, कारण छायाचित्रात आपणच उमटलेले असतो.

दवाखान्याच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळांमधली दुपार माझी असते. त्या वेळेत, बुधवारची सुट्टी टाळून, मी कॅमेरा घेऊन येथे येते. काचेपुढे तासभर उभे राहिल्यावर जे दिसते त्यातले काही आरोग्याच्या पाक्षिकात सांगण्याजोगे आहे असे वाटते, म्हणून हा लेख.

पेंग्विनच्या दालनात शिरताना पहिली गोष्ट जाणवते ती गारवा. आतल्या जागेचे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास राखलेले असते. दुसरी गोष्ट अंधार. भर उन्हातून आत आलेल्या माणसाला काही क्षण काहीच दिसत नाही. तरुणांचे डोळे लवकर सावरतात. वय वाढते तसा हा वेळ वाढतो, आणि मागून गर्दी ढकलत असते. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी दाराशीच मिनिट-दोन मिनिटे बाजूला थांबावे, हात धरावा. दिव्याभोवती वलये दिसतात, काचेवरची चकाकी सहन होत नाही, सगळे पेंग्विन धुक्यात असल्यासारखे वाटतात, असे कुणी म्हणाले तर ते हसण्यावारी नेऊ नये. मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळदा अशाच तक्रारीने होते.

हे हम्बोल्ट पेंग्विन. बहुतेक पालक मुलांना सांगतात की हे बर्फातले पक्षी, आणि मुले आत बर्फ शोधत राहतात. खरे तर हम्बोल्ट पेंग्विन अंटार्क्टिकाचे नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, जेथे एका बाजूला थंड सागरी प्रवाह आणि दुसऱ्या बाजूला जगातले सर्वांत कोरडे वाळवंट आहे, तेथे ते राहतात आणि समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या थरांत बिळे करून अंडी घालतात. जुलै २०१६मध्ये सोलहून आठ पेंग्विन मुंबईत आणले गेले. त्यातली एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जंतुसंसर्गाने दगावली. मार्च २०१७मध्ये दालन लोकांसाठी उघडले. १५ ऑगस्ट २०१८ला येथे पहिले पिल्लू जन्मले. त्याचे कौतुक सगळ्या वर्तमानपत्रांनी केले आणि आठवड्याभरातच त्याच्या मृत्यूची बातमीही दिली. पुढच्या वर्षांत जन्मलेली पिल्ले मात्र जगली. हे पक्षी मुंबईत आणायला हवे होते का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. माझे मत विचाराल तर आणायला नको होते. पण आता येथेच जन्मलेल्या पेंग्विनना पेरूचा किनारा ठाऊक नाही, आणि त्यांच्यासाठी हे दालन हेच जग आहे.

त्या जगाला काच का लागते, हे डॉक्टरांना चटकन उमगते. कोंडलेल्या पेंग्विनना दोन आजारांची फार धास्ती असते. एक म्हणजे ॲस्परजिलस या बुरशीमुळे फुप्फुसांना होणारा संसर्ग. कुजक्या पाल्यात, ओलसर भिंतींवर, जुन्या धान्यात ही बुरशी असतेच. निरोगी माणसाला ती सहसा काही करत नाही, पण पेंग्विनला ती प्राणघातक ठरते. दुसरा पक्ष्यांचा मलेरिया. तो माणसाला होत नाही, पण डासांमुळेच पसरतो, आणि युरोप-अमेरिकेतल्या उघड्यावरच्या तळ्यांत ठेवलेल्या पेंग्विनचे त्याने अनेकदा बळी घेतले आहेत. पावसाळ्यात माझ्या दवाखान्याची अर्धी बाकडी डासांच्या कृपेने भरलेली असतात. त्याच वस्तीच्या मध्यभागी हे पक्षी राहतात. तेव्हा ही काच म्हणजे पेंग्विनची मच्छरदाणी आहे, असे मी सोबत आलेल्या मुलांना सांगते. ते त्यांना लगेच पटते.

काच आपल्यापासूनही त्यांचे रक्षण करते. एप्रिल २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया नावाची वाघीण कोविडबाधित आढळली. तिची निगा राखणाऱ्या, स्वतःला कसलीही लक्षणे नसलेल्या कर्मचाऱ्याकडून तो संसर्ग झाला असावा असा निष्कर्ष निघाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणिउद्यानातले आठ सिंह बाधित झाले. माणसाच्या क्षयरोगाचे जंतू पाळीव हत्तींमध्ये सापडल्याची उदाहरणे तर त्याच्या कितीतरी आधीची आहेत. आपल्याला प्राण्यांपासून काय होईल याची काळजी प्रत्येक पालकाला असते. प्राण्यांना आपल्यापासून काय होईल हा प्रश्न मला आजवर एकाच आईने विचारला. मुलाला सर्दी-खोकला असेल तर सहल आठवडाभर पुढे ढकलावी, हे त्याचे साधे उत्तर. माकडांच्या पिंजऱ्यांपाशी तर अवश्य, कारण त्यांची शरीरे आपल्या शरीरांच्या फार जवळची आहेत.

आता छायाचित्राकडे वळते.

काच पारदर्शक असली तरी सगळा प्रकाश पलीकडे जाऊ देत नाही. तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पुढची आणि मागची बाजू मिळून साधारण ८ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो. पण प्राणी सावलीत आणि आपण पांढरा सदरा घालून उन्हात उभे असलो, तर त्या सदऱ्याचा ८ टक्के उजेडसुद्धा सावलीतल्या वाघाला झाकून टाकतो. रात्री घरात दिवा लावला की खिडकीत रस्त्याऐवजी आपणच दिसतो, तोच हा प्रकार. शिवाय प्रतिबिंब काचेवर चिकटलेले नसते. आपण काचेपासून दोन मीटरवर उभे असू, तर ते काचेच्या पलीकडे दोन मीटरवर असल्यासारखे भासते. म्हणून वाघ काचेपलीकडे दोन मीटरवर आला तर वाघ आणि आपण छायाचित्रात सारख्याच रेखीवपणे उमटतो. तो दहा मीटर मागे गेला आणि कॅमेऱ्याने त्याच्यावर फोकस केला, की आपण धूसर होतो.

समोर उभे असताना हे प्रतिबिंब आपल्याला एवढे खटकत नाही, याचे श्रेय मेंदूला. दोन डोळ्यांमुळे त्याला खोली कळते. ज्या अंतरावर लक्ष आहे तेवढेच तो उचलतो आणि बाकीचे बाजूला सारतो. कॅमेऱ्याला एकच डोळा, आणि निवड करण्याची अक्कल नाही. मोबाइलचा कॅमेरा तर पुष्कळदा वाघाऐवजी काचेवर उमटलेल्या चेहऱ्यावरच फोकस करतो, कारण चेहरे शोधण्यासाठीच त्याला घडवलेले असते. लोक घरी जाऊन पाहतात तेव्हा काकांचे पोट वाघाच्या पट्ट्यांवर पसरलेले असते.

यावर उपाय आहेत आणि ते फारसे खर्चिक नाहीत. गडद रंगाचे कपडे घालावेत. काचेच्या शक्य तितके जवळ जावे. भिंगाला रबराची टोपी असेल आणि तेथे मनाई नसेल, तर ती काचेला अलगद टेकवावी, म्हणजे मधला उजेडच बंद होतो. तेवढे जवळ जाता येत नसेल तर सोबतच्या कुणीतरी काळी ओढणी आडवी धरावी. पोलरायझर फिल्टर उपयोगी पडतो, पण काचेकडे तिरके, म्हणजे काचेच्या लंबाशी साधारण ५५ अंशांच्या कोनात पाहिले तरच. अगदी समोरून त्याचा काही फायदा नाही. फ्लॅश कधीही वापरू नये. तो काचेवर आपटून परत येतो आणि चित्रात एका पांढऱ्या डागाशिवाय काही उरत नाही. आत त्याचा जो त्रास होतो तो वेगळाच.

काचेच्या पलीकडून काय दिसत असेल, याचा विचार या निमित्ताने करता येतो. नियम तोच. पेंग्विनच्या बाजूला उजेड आणि आपल्या बाजूला अंधार, म्हणून आपल्याला ते स्वच्छ दिसतात. आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर काच बरीचशी आरशासारखी होते, आपण तिच्यामागच्या सावल्या ठरतो. ही रचना दोघांच्याही सोयीची आहे. आपण मोबाइलचे पडदे उजळतो, फ्लॅश उडवतो, तेव्हा तो अंधार आपणच मोडतो. मग आपल्याला आपली प्रतिबिंबे दिसू लागतात आणि त्यांना आपण. स्वच्छ छायाचित्र हवे असणाऱ्याचे आणि शांतता हवी असणाऱ्या पक्ष्याचे हित येथे एकच आहे, हे मला फार समाधानाचे वाटते. काचेवर टकटक करणाऱ्यांचे मात्र कुणाशीच जुळत नाही.

वाघाच्या दालनात गोष्ट निराळी. तेथे दोन्हीकडे दिवसाचा उजेड, दुपारी तर आपल्या बाजूलाच अधिक. फेब्रुवारी २०२०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची एक जोडी येथे आणली गेली आणि बागेत पुन्हा वाघ दिसू लागले. या काचेपुढे प्रतिबिंब टाळणे जवळजवळ अशक्य असते. मीही ते टाळत बसत नाही. माझ्याकडे त्या काचेतून काढलेली दीडएकशे छायाचित्रे असतील; त्यातल्या प्रत्येकात कुणी ना कुणी अर्धवट उमटलेले आहे. गुडघे दुखतात म्हणून कठड्यावर भार देऊन उभी असलेली बाई. वाघाकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र घेणारे चौघे. काचेत केस नीट करणारा एक तरुण, ज्याच्या कपाळामागून वाघ जात होता आणि त्याला पत्ता नव्हता.

एका दुपारचे मला विशेष आठवते. वाघ एकाच वाटेने फिरत होता. झाडाच्या बुंध्यापासून काचेपर्यंत, काचेपाशी वळून पुन्हा बुंध्यापर्यंत, त्याच जागी तसेच वळण. माझ्या शेजारी एक आजी आणि पाच-सहा वर्षांचा नातू.

“आज्जी, तो सारखा का फिरतोय?”

“त्याला घरी जायचंय, बाळा.”

“मग जात का नाही?”

“अरे, काच आहे ना.”

“त्याला सांग ना, दार तिकडून आहे.”

आजींनी उत्तर दिले नाही. नातवाला घट्ट जवळ घेतले. त्या छायाचित्रात वाघाच्या खांद्यावर दोघांची आकृती आहे.

त्या आजींना वर्तनशास्त्र शिकावे लागले नव्हते. कोंडलेल्या मोठ्या मांसाहारी प्राण्यांत अशी निरर्थक आवर्तने पुष्कळदा आढळतात. ज्या जाती निसर्गात जितके विस्तीर्ण क्षेत्र फिरतात, तितके बंदिवासात हे फिरणे वाढते, असे रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले गस नावाचे ध्रुवीय अस्वल तर नव्वदच्या दशकात याच कारणाने प्रसिद्धीला आले. ते आपल्या तळ्यात इंग्रजी आठच्या आकड्यात तासन्‌तास पोहत राही, आणि लोक पाण्याखालच्या काचेतून ते पाहत. त्याला फ्लुऑक्सेटिन दिले गेले. हे औषध मी माझ्या रुग्णांसाठी लिहीत आले आहे, त्यामुळे ती बातमी मला विसरता येत नाही. औषधापेक्षा अधिक महत्त्वाचे असे की त्याला खेळणी दिली गेली, अन्न लपवून ठेवून शोधायला लावले गेले, दिवसात काही करण्याजोगे निर्माण केले गेले. माणसांच्या बाबतीतही गोळीइतकाच या दुसऱ्या भागाचा उपयोग होतो, आणि तो लिहून देता येत नाही.

छायाचित्राची खरी अडचण मला येथे जाणवते. एका क्षणाच्या चित्रात फिरणारा वाघ आणि चालत निघालेला वाघ एकसारखेच दिसतात. प्रतिबिंब पुसून टाकलेले, गवत आणि पट्टे तेवढे ठेवलेले चित्र पाहिले तर तो ताडोबातला वाघ वाटेल. ऐटबाज, स्वतंत्र, कुठेतरी निघालेला. हल्ली मोबाइलमध्येच प्रतिबिंब काढून टाकण्याची सोय आलेली आहे. बोट फिरवले की माणसे नाहीशी होतात. तांत्रिक दृष्ट्या ही सफाई कौतुकाची, पण रुग्णाच्या क्ष-किरण चित्रातून फुप्फुसावरची सावली पुसून ते सुंदर करण्यासारखे हे मला वाटते. काचेवरची माणसे चित्रात असली की ते कोठले आहे, किती अंतरावरून आहे, मध्ये काय आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांनी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांत काढलेल्या छायाचित्रांचे ‘द ॲनिमल्स’ हे पुस्तक १९६९मध्ये निघाले. त्यात प्राण्यांइतकीच माणसे आहेत, आणि कोण कोणाला पाहते आहे हे प्रत्येक पानावर नव्याने ठरवावे लागते. मला ते पुस्तक ताडोबाच्या शंभर सुंदर छायाचित्रांपेक्षा अधिक आवडते.

पाहण्याविषयीच एक हकिकत सांगायला हवी, कारण ती काचेपुढच्या एकटेपणाची आहे. नेदरलँड्‌समधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात बोकितो नावाचा गोरिला नर होता. एक बाई त्याला वारंवार भेटायला येत. काचेला हात लावून त्याच्या डोळ्यांत पाहत आणि हसत. तो आपल्याकडे पाहून हसतो, आपल्यात काही नाते आहे, अशी त्यांची समजूत होती. १८ मे २००७ रोजी बोकितो पाण्याचा खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्याने त्यांनाच गंभीर जखमी केले. गोरिलांच्या भाषेत रोखून पाहणे आणि दात दाखवणे याचा अर्थ आपल्या भाषेतल्यासारखा नाही. त्यानंतर तेथल्या एका आरोग्यविमा कंपनीने प्रेक्षकांना पुठ्ठ्याचे चष्मे वाटले. त्यांवर भलतीकडे पाहणारे डोळे छापलेले होते, म्हणजे समोरच्या गोरिलाला वाटावे की हा माणूस आपल्याकडे पाहतच नाही. चष्म्यांचे मला हसू येते. त्या बाईंचे येत नाही. दररोज कुणाकडे तरी जावे, त्याने आपल्याला ओळखावे, ही भूक घेऊन माझ्या दवाखान्यातही माणसे येतात. त्यांचा रक्तदाब ठीक असतो, साखर ठीक असते, आणि तरी ती पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. मी त्यांना बागेत जायला सांगते, पण झाडांखालच्या बाकांवर, जेथे सकाळी फेरफटका मारणारी माणसे बसतात.

काचेवर उमटणाऱ्या अनोळखी माणसांविषयी माझा एक नियम आहे. आकृती चालेल, खांदे चालतील, काचेवर टेकलेला तळहात चालेल. ओळखू येईल असा चेहरा, विशेषतः लहान मुलाचा, मी ठेवत नाही. दवाखान्यात ऐकलेले दवाखान्यातच ठेवण्याची सवय हाताला लागलेली आहे. प्राणी बघताना माणसाचा चेहरा फार मोकळा असतो. त्याला कुणी पाहत आहे याची त्याला कल्पना नसते. आपल्या मोबाइलमधल्या काचेच्या छायाचित्रांत दुसऱ्यांची मुले स्पष्ट आलेली असतील तर ती सर्वत्र पाठवण्याआधी एकदा निरखून पाहावीत, एवढीच विनंती.

आणि घाई करू नये. तीन तासांत सगळी बाग संपवायची या हिशेबाने आलेली कुटुंबे प्रत्येक काचेपुढे जेमतेम मिनिटभर थांबतात. त्या मिनिटात मुलाला उचलून घेणे, छायाचित्र काढणे आणि ‘चल, पुढचे बघू’ म्हणणे एवढेच होते. त्याऐवजी एकाच काचेपुढे पंधरा मिनिटे बसून पाहावे. पहिली पाच मिनिटे मूल कंटाळते. मग त्याला दिसू लागते की एक पेंग्विन दुसऱ्याच्या मागोमाग त्याच दगडाशी वळतो, एकजण सतत चोचीने पिसे साफ करतो, आणि पाण्याखाली त्यांचे पंख उडताना हलावेत तसे हलतात. परतीच्या वाटेवर ते मूल या गोष्टी स्वतःहून सांगते. मोबाइलमधली छायाचित्रे त्याला आठवतही नाहीत.

आजी आणि नातवाच्या आकृती असलेले ते वाघाचे छायाचित्र मी मोठे करून दवाखान्यात, बाकड्यांसमोरच्या भिंतीवर लावले आहे. मोठी माणसे त्याकडे एक नजर टाकून पुन्हा मोबाइलमध्ये बघतात. एका वृद्ध गृहस्थांनी ‘बाई, हा फोटो बिघडला आहे, दुसरा लावा’ असे आपुलकीने सुचवले होते. मुले मात्र हमखास विचारतात. गेल्या पावसाळ्यात तापाने आलेल्या सात वर्षांच्या एका मुलीने विचारले, “डॉक्टरकाकू, ही माणसं वाघाच्या पोटात कशी गेली?” मी तिला म्हटले, “पोटात नाहीत, काचेवर आहेत. आपल्या दाराच्या काचेत बघ, तूही दिसशील.” संध्याकाळची वेळ होती. ती दारापाशी गेली, हात हलवून पाहिला, जीभ बाहेर काढून पाहिली. मग म्हणाली, “पण रस्ता कुठे गेला?” मी सांगितले, दिवा बंद केला तर दिसेल. मी हे म्हणेपर्यंत तिने बटण दाबलेसुद्धा. प्रतीक्षागृहात अंधार झाला, बाहेरची रिक्षा, पाणी साचलेला रस्ता आणि छत्र्या एकदम उजळून समोर आल्या. आतून आमच्या कंपाउंडरांचा आवाज आला, “अहो, लाइट गेली वाटतं!” ती म्हणाली, “नाही काका, मी घालवलीय,” आणि बटण पुन्हा दाबले.